चौथ्या ओळीतली चूक

दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला रत्नपाल गुरुजींनी उत्तर दिले नव्हते. पत्र साधे होते, लिहिणाऱ्याने नम्रपणे लिहिले होते. तरी नाही दिले.

पत्र गणराजचे होते. सिनेमातल्या गणराजचे. खाडीवरच्या टेकाडावर त्याने बंगला बांधला होता, सुट्टीला मांडव्याच्या बोटीने यायचा. त्याने लिहिले होते, ‘गुरुजी, शाळेत असताना तुम्ही चोवीस वर्षं उधाणाच्या पाण्याची नोंद ठेवलीत असं ग्रामपंचायतीत कळलं. मला समुद्राच्या वाढत्या पाण्यावर बोलायला बोलावलं आहे. भाषण सोबत जोडतो. मला यातलं फार कळत नाही. लोक मात्र मला कळतं असं धरून चालतात, त्याची भीती वाटते. चूक असेल तिथे खूण करून पाठवा.’

चूक चौथ्या ओळीत होती. ‘तिवरं म्हणजे समुद्राला घातलेली भिंत. चिखलात, बांधावर, जागा मिळेल तिथे ती लावा आणि एकही रोप उपटू नका.’

बांधावर या शब्दाशी गुरुजी थबकले. गावाची सगळी भातशेती एका मातीच्या बांधाच्या आड होती. पलीकडे खाडीचे खारे पाणी. बांधाबाहेर चिखलात तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, हवीतच, लाटेचा जोर तिथेच मोडतो. पण खुद्द बांधावर तिवर रुजले, की त्याच्या मुळांशी खेकडे बिळे करतात, आणि उधाणाचे पाणी बीळ शोधतच येते. म्हणून दर वैशाखात, भांगाचे दिवस पाहून, म्हणजे भरती अगदी कमी असते तेव्हा, घरटी एक माणूस बांधावर उतरे. रुजलेली रोपे उपटायची, बिळांत चिकणमाती ठोकायची. हे गावात लहान पोरालाही ठाऊक होते.

गुरुजींनी खूण करायला पेन उघडले, आणि मग त्यांच्या मनाने नेहमीचा खेळ सुरू केला. एवढ्या मोठ्या माणसाच्या मागे शास्त्रज्ञ असणार. आपण कोण? आयुष्यभर चौथीला भूगोल शिकवला. कुठल्यातरी पुस्तकात याच्या उलट लिहिलेले असेल आणि ते आपण वाचलेले नसेल, तर? ते पुस्तक शोधायला ते तीनदा अलिबागच्या वाचनालयात जाऊन आले. तिसऱ्यांदा परतले तेव्हा भाषण होऊन गेले होते आणि सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरत होते.

पुढच्याच महिन्यात गणराज स्वतः रोपे लावायला आला. नेमकी भरती होती, चिखल पाण्याखाली. कॅमेरे तयार, लोक धुतल्या कपड्यांत. मग रोपे बांधावरच लावली. पुढच्या वैशाखात बांधावर कोणी उतरले नाही. गणराजने लावलेले रोप उपटणार कोण? त्याच्या पुढच्या वैशाखातही नाही.

यंदा नारळी पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला. त्या रोपांच्या रांगेखालीच.

बौद्धवाडीची शेते बांधाला सगळ्यांत जवळ. पहिले पाणी शिरले ते गुरुजींच्या बहिणीच्या, जयमालाच्या खाचरात. हिरवे भात आठ दिवसांत उभ्याउभ्या पेंढ्यासारखे पिवळे पडले. आता तीन वर्षे तिथे भात होणार नव्हते.

“गुरंबी तोंड लावीत न्हाईत त्याला,” जयमाला म्हणाली. ती बांधावर बसून खाचराकडे बघत होती. “दादा, तू त्या येळी अलिबागला सारखा काय जायचास?”

गुरुजींनी सांगितले. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितले. पत्राचे, चौथ्या ओळीचे, पेनाचे.

“पुस्तकात बघायला गेलास,” ती म्हणाली. “ मी बारा वर्षांची होते तवापासनं या बांधाला माती ठोकतेय. मला इचारलं असतंस, तर मी सांगितलं नसतं?”



रविवारी शाळेच्या पटांगणात गाव जमले. बांधाचे काम पूर्वीपासून चांगदेव बघे. त्याने उभे राहूनच सुरुवात केली.

“आता एकबी तिवर ठेवायचं न्हाय. बांधावरचं न्हाय, भायेरचं न्हाय. परवाच्याला कोयते घेऊन उतरायचं. लय ऐकलं त्या नटाचं!”

“अरे, पिक्चरमध्ये तो एकटा धरण अडवतो,” मागून कोणीतरी म्हणाले. “आम्हाला वाटलं, बांध तर किरकोळ!”

थोडे हसू उठले आणि लगेच विरले. बाहेरची तिवरे गेली तर पुढचे उधाण थेट बांधावर आदळणार होते. मग एक खाचर नव्हे, सगळे शिवार जाणार होते. तरी गुरुजी बसूनच राहिले. जयमालाने त्यांच्याकडे वळून पाहिले, नुसतेच.

ते उठले. खिशातून गणराजचे पत्र काढून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचले. आवाज इतका बारीक, की पुढचे लोक मागच्यांना गप्प करू लागले. वाचून झाल्यावर म्हणाले, “त्याने विचारलं होतं. मी सांगितलं नाही. बांधावरची रोपं वनखात्याला विचारून काढू. बाहेरच्यांना हात लावू नका. तेवढं तो बरोबर बोलला होता.”

“गुरुजी,” चांगदेव म्हणाला, “माझंबी तोंड तवा बंदच होतं. रोपं लावतानाच्या फोटोत पुढं मीच हाय. पण आता तुमचं ऐकणार कोण? आमची पोरं त्याचं ऐकतात. काशीदपर्यंत गावोगाव लोकांनी बांधावर रोपं लावलीत, त्याचंच बघून. त्याच्याच तोंडून येऊ दे. येत्या भांगाच्या दिवसांपर्यंत थांबतो आम्ही. त्याच्यापुढं न्हाय.”

घरी येऊन गुरुजी लिहायला बसले. या वेळी शेजारी पुस्तक नव्हते, जयमाला होती. खेकडा कुठल्या मुळाशी बीळ करतो, माती किती ओली घ्यायची, ती सांगत गेली, ते लिहीत गेले. शेवटी त्यांनी स्वतःचे चार शब्द घातले.

‘तुमचं ऐकावं की नाही, यावर आमच्याकडे आता भांडण आहे. मला वाटतं, तुम्ही विचारलंत तेव्हा ऐकण्याजोगे होतात. उत्तर न मिळता बोललात, तिथे तुमची चूक. उत्तर माहीत असून दिलं नाही, ती माझी, आणि ती मोठी. मी ओरडलो तरी माझा आवाज पटांगणाबाहेर जात नाही. तुमचा जातो. म्हणून, चौथी ओळ चुकली होती असं त्याच आवाजात सांगा. लाज वाटेल. मला आज वाटली.’

“लाजेचं कशाला?” जयमाला म्हणाली.

“राहू दे.”

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते पायरीवर जाऊन उभे होते. पोस्टातल्या सुचिताने पाकीट वजन करायला हातात घेतले, पत्ता वाचला आणि भुवया वर केल्या.

“गुरुजी, गणराजला? सही मागताय?”

“नाही,” गुरुजी म्हणाले. “उशीर झालाय. रजिस्टर कर.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकले.