डॉक्टरची गिरणी

बेल वाजली तेव्हा विष्णू शेंडे गॅरेजमध्ये वाकून उभा होता. एका हातात गरम पाण्याचं पातेलं, दुसऱ्या हातात लाकडी उलथणं आणि पुढ्यात निळा पिकनिक कूलर. कूलरमध्ये मोड आणून वाळवलेला सातू होता, हातगिरणीवर भरडलेला. त्यावर पाणी ओतायचं, गुठळ्या मोडायच्या, थर्मामीटर बघायचा, पुन्हा थोडं ओतायचं. पाणी फार गरम झालं तर दाण्यातली ताकद मरते, कोमट राहिलं तर गोडी सुटत नाही, आणि गोडी सुटली नाही तर बिअर होत नाही. हे काम एकदा हातात घेतलं की मध्ये सोडता येत नाही.

अमेरिकेत ॲन आर्बरमधली ती ऑक्टोबरातली, शनिवारची सकाळ होती. साल १९८६. सुलभा, त्याची बायको, दार उघडायला गेली आणि येताना एका मुलीला घेऊन थेट गॅरेजमध्येच आली. मुलीच्या अंगात नवा आणि बराच मोठा कोट होता.

"लोणंदची आहे," सुलभा म्हणाली. "शेळक्यांची मीनाक्षी. केमिस्ट्रीत पीएचडीला आलीय. अण्णांनी पत्ता दिला." मग मुलीला म्हणाली, "बस गं इथेच. यांना आता हलता येत नाही. बाळंतिणीसारखं जपावं लागतं त्याला."

विष्णूच्या हातातलं पातेलं क्षणभर तसंच राहिलं. इतक्या वर्षांत लोणंदचं माणूस या गावात आलं नव्हतं. आलं तर काय, याचा विचार मात्र त्याने पुष्कळ केला होता. त्याने पालथ्या बादलीकडे बोट दाखवलं आणि उरलेलं पाणी ओतलं.

मीनाक्षी बसली. वास घेऊन म्हणाली की गोठ्यात आंबोण कालवल्यासारखं वाटतंय. विष्णूला हसू आलं. पहिल्या वेळी त्यालाही तेच वाटलं होतं. लोणंदला वडिलांच्या, अण्णांच्या, गिरणीमागे दोन म्हशी असत, आणि गिरणीत सांडलेला भरडा आई त्यांच्यासाठी भिजत घालायची. हे म्हशींसाठी नाही, याची बिअर होणार, असं त्याने सांगितलं तेव्हा सुलभा म्हणाली, "हे तेवढं घरी लिहू नकोस." मीनाक्षी म्हणाली, तिने जीन पँटचंही अजून लिहिलेलं नाही.

विष्णूने झाकण लावलं, कूलरवर जुनी गोधडी टाकली. आता तासभर तो उघडायचा नव्हता. उघडला की ऊब जाते.

मुलीने पिशवीतून भाजणीचा डबा काढला. अण्णांच्या गिरणीतली भाजणी. मग निरोप सांगितला. माघात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. गिरणीपुढे मांडव घालणार आहेत. त्याच मांडवात गाव मुलाचाही सत्कार करणार आहे. हायस्कूलचे हेडमास्तर बोलणार आहेत, आमदार येणार आहेत.

"अण्णांनी सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली, "डॉक्टरला म्हणावं, याच्यापुढे माझ्याच्याने वाट बघवणार नाही."

गावात त्या गिरणीला डॉक्टरची गिरणी म्हणतात. दळण टाकायला निघालेली पोरंसुद्धा तसंच म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा विष्णूला स्कॉलरशिप घेऊन इथे येऊन पाच वर्षं होत आली होती. त्याने घरी कळवलं होतं की प्रबंध संपत आला आहे. अण्णांनी पेढे वाटले. नंतर त्याचे प्रयोग जुळेनात. आज आलेला आकडा उद्या येईना. त्याचे प्रोफेसर दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले, स्कॉलरशिप संपली. चार महिने काढायचे म्हणून त्याने त्याच डिपार्टमेंटच्या तळघरात पंप दुरुस्त करायचं काम धरलं. तिकडे गिरणीचं नाव तोवर पडून गेलं होतं. तो खोटं असं कधी बोलला नाही. फक्त खरं सांगायचं राहिलं, आणि जितकं राहिलं तितकं ते अवघड होत गेलं.

सुलभेचं लग्नही डॉक्टरशीच झालं होतं. इथे आल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती डबा द्यायला डिपार्टमेंटमध्ये गेली आणि तळघरात पोचली. तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. अण्णांना सांगून टाका, एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती तेवढंच म्हणत आली होती. कधी चिडून, कधी "डॉक्टरीणबाईंनी आज भात करपवलाय" असं ताटावर बसता बसता. मधे विष्णूची आई गेली, तेव्हा तो एकदाच गावी गेला. शाळेने त्याला धरून डॉक्टर म्हणून मुलांपुढे उभं केलं, आणि तो बोलला. त्यानंतर तो गेला नाही. दर वर्षी काहीतरी कारण सांगायचा.

आता हे सगळं कूलरच्या पलीकडे पालथ्या बादलीवर येऊन बसलं होतं. उठून जावं तर पुढचं पाणी स्टोव्हवर तापत ठेवलेलं. विष्णूने हात पुसले.

"मीनाक्षी, मी डॉक्टर नाही."

"मला माहीत आहे, काका."

सुलभा दारातच उभी होती. ती आत आली.

"पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारलं, डॉक्टर शेंडे कुठे बसतात. त्या बाईंनी तळघरात पाठवलं," मीनाक्षी म्हणाली. "तुम्ही पंपाखाली आडवे झाला होता. मी तशीच परत आले."

"मग आज इतक्या दिवसांनी आलीस," विष्णू म्हणाला.

"हाक काय म्हणून मारायची, ते कळेना."

विष्णूला वाटलं होतं, हे उघड्यावर आलं की आपल्याला लाज वाटेल. तशी ती वाटली नाही. छातीवरून पाटा उचलल्यासारखं झालं. लोणंदच्या एका माणसाला कळलं होतं आणि ते माणूस अजून समोर बसून होतं. लोणंदला आता संध्याकाळ असेल. गिरणीत आता फोन बसवलाय. आजच अण्णांना सांगून टाकतो, असं म्हणत तो उठलाच. सुलभेने वाट मोकळी केली. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

"काका, नका सांगू," मीनाक्षी म्हणाली.

तो थांबला.

ती भरभर बोलू लागली. वडिलांची कांद्याची वखार. वडील वर्षभर तिला नाही म्हणत होते. मुलगी एवढ्या लांब एकटी कशाला, शिकून करायचंय काय. शेवटी अण्णा काठी टेकत वखारीत आले आणि कांद्याच्या गोण्यांवर बसून राहिले. माझा पोरगा गेला, डॉक्टर झाला, तशी ही होईल, म्हणाले. त्यावर वडील विरघळले. आता तिच्या धाकट्या बहिणीचं, कांचनचं, चाललंय. तिला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचंय. घरी स्थळं बघताहेत.

"बाबा म्हणतात, माघात डॉक्टर येतील, त्यांना विचारू. ते म्हणतील तसं करू." तिने वर बघितलं. "तुम्ही नुसते विष्णू शेंडे म्हणून आलात तर तुमचं कोण ऐकणार? उलट म्हणतील, बघा, तिकडे जाऊन पोरं पंप दुरुस्त करतात. मग कांचनचंही संपलं आणि माझंही."

"म्हणजे मी मांडवात उभं राहून हार घालून घ्यायचा."

"हो."

"अण्णांच्या समोर."

"एकदाच, काका." तिचा आवाज आता लहान झाला होता. "नंतर सांगा वाटल्यास. कांचन पुण्याला गेल्यावर."

विष्णूने सुलभेकडे पाहिलं. ती काय बोलणार ते त्याला पाठ होतं, आणि आज ते तिने बोलावं असं त्याला फार वाटलं. ती बोलली असती तर तो गेला असता आणि सांगून मोकळा झाला असता. सुलभा गोधडीची घडी सारखी करत राहिली.

"कांचन कशी आहे गं अभ्यासात?" तिने विचारलं.

"माझ्यापेक्षा हुशार आहे, काकू."

सुलभेने मान हलवली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "फोन लावा. येतो म्हणून सांगा."

फोन स्वयंपाकघरात होता. बऱ्याच वेळाने लागला. पलीकडे पट्ट्याची घरघर ऐकू आली, मग ती थांबली. अण्णांनी गिरणी बंद करायला लावली असावी. त्यांचा आवाज खूप लांबून आल्यासारखा होता.

"कोण? डॉक्टर?"

अण्णा त्याला विष्णू म्हणेनासे झाले, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती. आजवर तो या हाकेला नुसतं "अण्णा" म्हणायचा आणि तब्येतीकडे वळायचा.

"हो अण्णा," तो म्हणाला. "डॉक्टर बोलतोय. माघात येतो."

मग अण्णांनी विचारलं, तिकडे थंडी पडली का. पडली, तो म्हणाला. इथे अजून नाही, अण्णा म्हणाले, आणि घसा साफ करत राहिले. मागे कुणीतरी दळणासाठी घाई करत होतं. त्याला अण्णा म्हणाले, थांब रे, डॉक्टरचा फोन आहे.

तो गॅरेजमध्ये परत आला तेव्हा तास होऊन गेला होता. कूलर आतून अजून तितकाच गरम होता. त्याने तोटी उघडली. पातेल्यात तांबूस, गोड पाणी पडू लागलं. मीनाक्षीने कपात घेऊन चाखलं, चांगलं लागतंय म्हणाली. कपाच्या तळाशी आलेला भुसा बोटाने काढला आणि कोटाला पुसावा की नाही अशी घोटाळली. जाताना तिने दोघांना वाकून नमस्कार केला. विष्णूने पाय मागे घेतले. तरी तिने केलाच.

दुपारी सुलभेने कपाटाच्या तळातून निळा सूट काढला. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेसाठी म्हणून त्याने तो शिवून घेतला होता. परीक्षा झाली नाही, सूट तसाच राहिला. तिने त्याला आरशापुढे उभं करून कोट चढवला. पाठीत तो ताणला, बटण लागेना. शिवणीत जादा कापड आहे का ते तिने चाचपून पाहिलं. होतं. तिने टाचण्या तोंडात धरल्या, कात्रीच्या टोकाने कडेची शिवण उसवायला घेतली.

"हात वर करा," टाचण्यांमधून ती म्हणाली.

त्याने दोन्ही हात वर केले आणि ती सांगेपर्यंत तसाच उभा राहिला.