चार कॉलम

पार्किंगमधल्या सात नंबरच्या कॉलमला उभी भेग पडली, तेव्हा सोसायटीने तिला बोलावलं. दुरुस्तीची कामं करणारी इंजिनिअर म्हणून गावात तिचं नाव होतं. तिने आधी तुळयांखाली लोखंडी टेकू लावून घेतले, मग मिस्त्रीला छिन्नी चालवायला सांगितली.

फुगलेलं काँक्रीट पोपडे निघावेत तसं निघालं. आतल्या उभ्या सळ्या गंजलेल्या होत्या, ते अपेक्षितच होतं. पण त्यांना आवळून धरणाऱ्या आडव्या रिंगा वीतभर अंतरावर हव्यात, त्या हातभर अंतरावर होत्या.

"बाई, हा गंजाचा दोष नाही," मिस्त्री म्हणाला. "बांधतानाच हात आखडलाय."

तिला ते कळलंच होतं. बत्तीस वर्षांपूर्वी या इमारतीवर सुपरवायझर कोण होता, हेही तिला माहीत होतं. दुपारी ती घरी गेली. वडील चष्मा पुसत बसले होते.

"बाबा, सात नंबरच्या रिंगा कमी आहेत."

वडिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "काँक्रीट ओतायच्या दिवशी रिंगांचा माल अर्धाच आला होता. बिल्डर म्हणाला, ओतून टाका. मी ओतू दिलं."

"का?"

"घाबरलो. दुसरं काही कारण नाही." मग त्यांनी विचारलं, "बाकीचे उघडलेस?"

"भेग एकालाच आहे."

"पाच, सहा आणि अकराही उघड. चारही त्याच दिवशी ओतले होते."

तिला राग आला होता, तरी तिने आकडे लिहून घेतले.

रविवारी सोसायटीच्या बैठकीत वडील स्वतः येऊन उभे राहिले आणि घडलेलं सगळं सांगितलं. आवाज चढले. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तर त्यांना तोंडावर चोर म्हटलं. वडिलांनी ते ऐकून घेतलं. शेवटी एका बाईने विचारलं, "आता घरं सोडायची का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मात्र टेकूंना कुणी हात लावायचा नाही."

तिन्ही कॉलम उघडले. वडिलांचं म्हणणं खरं निघालं. मिस्त्रीने गंज घासून काढला, नव्या सळ्या पायापर्यंत नेल्या, रिंगा दाट बांधल्या आणि चारही बाजूंनी नवं काँक्रीट चढवलं. काँक्रीटसाठी फळ्या लावण्याआधी वडील रोज टेप घेऊन यायचे. एकदा एक रिंग दोन बोटं सरकलेली दिसली, तर त्यांनी ती सोडवून पुन्हा बांधायला लावली. मिस्त्री वैतागला, "काका, आता जरा श्वास घेऊ द्या." मुलगी मध्ये पडली नाही.

महिन्याभराने टेकू निघाले. कॉलम इतके जाड झाले की आजोबांच्या गाडीचं एका बाजूचं दार आता उघडत नाही. ते दुसऱ्या बाजूने आत शिरतात, सीटवरून सरकत स्टिअरिंगपाशी येतात आणि रोज सुपरवायझरच्या नावाने बोटं मोडतात. मुलीने हे जेवताना वडिलांना सांगितलं.

"त्यांना म्हणावं, गाडी उलटी लावा," वडील म्हणाले. "दार उघडेल."