खांबामागचं पोवळं

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नाबाचे पाय गेले, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. मकास्सरच्या बंदरामागच्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या तो बायकोला सांगायचा, "अजून वर. हां, आता जरा माझ्याकडे वळव." आणि कानांग काचेच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालून पोवळं हलवायची.

कॉम्प्रेसरच्या नळीवर श्वास घेत समुद्राच्या तळाशी काम करणारा हा गडी एकदा खोलातून घाईने वर आला, रक्तात हवेचे बुडबुडे झाले आणि कमरेखाली लुळा पडला. हात धडधाकट आहेत, त्याला बसवा, सरकायला लावा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लोकांदेखत फरपटत जायचं? त्यापेक्षा पडलेलं बरं, हे नाबाने ठरवून टाकलं. रमजान येऊन गेला तरी खाट सुटली नाही. पाठीला जखमा व्हायला लागल्या, आणि कानांग त्या रोज धुवायची. हा माणूस असाच पडून पडून संपणार, हे तिला दिसत होतं.

धाकटा दीर तोला समुद्रात जाळ्यांवर पोवळ्यांची शेती करायचा. भावाचा जीव रमावा म्हणून त्याने जुनी टाकी आणली आणि मुठीएवढं एक पोवळं. जिवंत असलं की त्यातून बारीक देठ बाहेर येतात आणि प्रत्येक देठावर फूल उमलतं. खोलीत आल्यापासून मात्र ते मिटूनच होतं. खाटेवरून टाकीचं एकच टोक दिसायचं, बाकीची टाकी खांबाआड. आणि नेमका त्याच दिसणाऱ्या टोकाला पाणी फिरवणाऱ्या पंपाचा झोत.

तोलाने वाकून पाहिलं. पोवळ्याची एक कड पांढरी पडली होती.

"वहिनी, हे संथ पाण्यातलं लेकरू. तोंडावर एवढा झोत मारल्यावर उघडेल कशाला? त्यात रोज जागा बदलताय. रोज नवं सासर दिलं तर कोण नांदेल?"

"मग कुठे ठेवू?"

"पलीकडच्या टोकाला, खाली वाळूवर."

"तिथे मला दिसणार नाही," खाटेवरून आवाज आला.

थोरल्या भावापुढे बोलायची तोलाची टाप नव्हती. कानांगने बाही वर केली, पोवळं उचललं आणि खांबामागे वाळूवर ठेवलं.

"आता मी यात हात घालणार नाही. मला कोणी सांगायचंही नाही."

नाबाने भिंतीकडे तोंड केलं. रात्री पाल्लुमारा केला होता, त्याच्या आवडीचा माशाचा आंबट रस्सा. त्याने ताट सारलं. कानांगने आर्जव केलं नाही. माशाचं डोकं, जे एरवी त्याच्याच वाट्याला जायचं, ते तिने समोर बसून चवीने खाल्लं. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने जेवला.

पोवळं काही दिवस ढिम्म होतं. तिचा हात शिवशिवायचा, पण तिने तो आवरला. मग एका सकाळी काचेपाशी गेली ती तिथेच थबकली.

"उघडलं का?" नाबाने विचारलं.

"हो."

"किती?"

"या की बघायला."

"टोमणे मारतेस?"

"नाही. बोलावतेय."

त्याचा चेहरा एवढासा झाला. कानांगला भडभडून आलं. वाटलं, काढावं बाहेर आणि न्यावं त्याच्यापुढे. पण ते बाहेर काढलं तर मेलं असतं, आणि तिच्या मते त्याच्यासोबत नवराही. तिने दार लावून घेतलं, खाटेजवळ चटई अंथरली आणि हात पुढे केला.

"शिवू नकोस मला," तो म्हणाला.

आधी कोपर खाटेवरून खाली आलं, मग खांदा, मग धप्पकन सगळं अंग. जमिनीवर पडून तो धापा टाकत राहिला. ओठ दाताखाली धरून कानांग जागची हलली नाही. मग तो निघाला, हातांवर, मागे पाय ओढत. खांबापर्यंत पोचेतो त्याचा सदरा घामाने भिजला होता.

खांबाला टेकून त्याने मान वळवली. पाण्यात फुलं डुलत होती. मग मूळ स्वभाव उसळला.

"मागची कड दिसत नाही. जरा पुढे घे ते."

"पोवळं हलणार नाही," कानांग म्हणाली. "तुम्ही सरका."

नाबाने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि सरकला.