हळदीचा दोरा

आप्पांच्या जिभेपुढे कारखान्यात कुणाचं काही चालत नसे. सुताने रंग धरायचा तर पाण्यात तुरटी हवी, आणि ती वजनकाट्यावर मोजणाऱ्यांना आप्पा हसत. रोज सकाळी पळी घेऊन एकेका पातेल्यापाशी जायचं, घोटभर चाखायचं, थुंकायचंही नाही, आणि निकाल द्यायचा. धाकटी लेक त्यांच्या हाताखाली वीस वर्षं रंगकाम करत होती, पण या निकालापुढे तीही गप्प बसायची.

हिरव्या रंगासाठी तिने मोरचूद आणलं तेव्हा मात्र दोघांत दोन दिवस अबोला होता.

"विष आहे ते," आप्पा म्हणाले.

"असू दे की. सुतात जाईल, तुमच्या पोटात थोडंच जाणार आहे?"

पण डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात तुरटी घाला की मोरचूद, वरून दोन्ही सारखीच गढूळ. शेवटी तह झाला. तुरटीच्या पातेल्याच्या कडीला पिवळा दोरा, मोरचुदाच्या कडीला लाल. लाल दिसला की आप्पांनी पळी लावायची नाही.

लाल दोरा मंजिष्ठेत रंगवायचा, म्हणजे अर्धा दिवस मंद आचेपाशी बसणं आलं. एका दोऱ्यासाठी एवढे सोपस्कार कोण करतो? तिने तो हळदीत बुडवला, वर चुन्याची निवळी ओतली, झाला लालभडक. हळदीचा रंग कच्चा, हे कळायला रंगारी असावं लागत नाही. ही तर रंगाऱ्याची लेक होती.

त्या सकाळी ती मागच्या नळावर पितळी घंगाळ लिंबाच्या सालीने घासत होती. उरलेला लाल दोरा केसांना होईल म्हणून मनगटात अडकवला होता. लिंबाचं पाणी त्यावर ओघळलं आणि दोरा पिवळा झाला. छान, स्वच्छ पिवळा. तिला आधी गंमत वाटली. मग आठवलं, काल संध्याकाळी सगळ्या पातेल्यांच्या कड्या आपण लिंबानेच घासल्या. दोरे न सोडता.

हातातलं घंगाळ टाकून ती धावली. अंगणात ओल्या लडी टांगल्या होत्या. त्या तोंडावर येत होत्या, गळ्याला अडकत होत्या.

आप्पा तिसऱ्या पातेल्यापाशी मिशा पुसत उभे होते. कडीला दोरा होता, पिवळा.

"चाखलं?"

"चाखलं की. नुसतं फुळकवणी आहे. दोन पळ्या घेतल्या तरी काही लागेना. तुरटी वाढव."

मोरचुदाचा एक थेंब ओठाला लागला होता तेव्हा ती तासभर चुळा भरत होती. आणि हे म्हणतात, काही लागेना?

"आप्पा, खरंच काही लागलं नाही?"

त्यांनी नजर चुकवली. "त्या तापानंतर, म्हणजे गेलं वर्षभर..." एवढं म्हणाले आणि पोट धरून खाली बसले. उलटी झाली ती निळसर हिरवी.

दवाखान्यात नाकातून नळी घातली, पोट धुतलं. डॉक्टरीणबाई उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "उलटी झाली हे बरं झालं. पण विष रक्तात किती गेलं ते लघवीवरून कळेल. लालसर, काळपट आली तर अवघड आहे. पिवळी आली तर सावरतील."

दुपार झाली तरी खाटेखालची लघवीची पिशवी कोरडीच होती. लेक तिच्याकडे बघायची, मग आप्पांच्या तोंडाकडे, मग परत पिशवीकडे. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"माझे डोळेच गेले गं," आप्पा पुटपुटले. "लाल दोरा मला पिवळा दिसला."

गप्प बसली असती तर खपून गेलं असतं.

"पिवळाच होता, आप्पा. मी मंजिष्ठा नाही वापरली. हळद आणि चुना लावून मोकळी झाले. वर लिंबू घासलं."

आप्पा रागावतील म्हणून ती मान खाली घालून बसली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

सिस्टरांनी दोन चमचे साखरपाणी द्यायला सांगितलं होतं. तिने चमचा ओठांना लावला.

"कसं लागतंय?"

सवयीने त्यांनी जीभ टाळ्याला लावली, भुवई वर केली. मग त्यांचा चेहरा पडला.

"काहीच लागत नाही. वर्षभर तुम्हा सगळ्यांना नुसतं अंदाजाने सांगत होतो. जीभ गेली म्हटलं तर मग मी कशाला हवा, असं वाटायचं."

तिने त्यांचा हात धरला. तेवढ्यात पिशवीच्या नळीत काहीतरी सरकलं. खाली वाकून पाहिलं तर एक थेंब, मागोमाग दुसरा. पिवळे होते.

तिला हसावंसं वाटलं, पण तिने त्या पिवळ्यावर विश्वास ठेवला नाही. नळी खिडकीच्या उजेडाकडे वळवून तिने पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि धावत जाऊन सिस्टरांना बोलावून आणलं.

"जरा बघता का," ती म्हणाली. "हा पिवळाच आहे ना?"