चाळीस साक्षीदार

“चाळीसच?” आई म्हणाली. “माझ्या वहीत दोनशे अकरा हायत. आणि त्यांना चाळीसच पायजेत?”

मी फॉर्मवरची ओळ पुन्हा वाचली. शाळेतून मागून आणलेली डिक्शनरी माझ्या मांडीवर उघडी होती आणि एका लांबलचक शब्दापाशी माझं बोट अडकलं होतं. तो सापडला तेव्हा मी ओरडलेच. “सलग! सलग चाळीस, आई. शेवटच्या चाळीस नोंदी. मधली एकही गाळायची नाही.”

आईनं हसू आवरून वही पुढे ओढली. मग म्हणाली, “बरं. लिही.”

१९७४चा जानेवारी होता. मी तेरा वर्षांची, आई चौतिसाची. कळंबच्या उपकेंद्रात ती नर्स होती. सातवी झाल्यावर दोन वर्षांचं ट्रेनिंग करून लागली होती. सगळा भाग तिला विमल सिस्टर म्हणायचा, बायका सिस्टरबाय म्हणायच्या. आम्ही कर्जतला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो, कारण बाबा पळसदरी स्टेशनात सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. सकाळी बाबा एकीकडे जायचे, आई एसटीनं दुसरीकडे.

खोपोलीला लसीकरणाचा एक कॅम्प झाला होता. तिथं स्कॉटलंडहून शिकून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंनी आईचं काम दोन दिवस पाहिलं आणि जाताना हा फॉर्म तिच्या हातात दिला. परदेशी विद्यार्थिनींसाठी तिकडे स्कॉटलंडात नर्सिंगची पदवी. चार वर्षं. फी माफ, राहायची सोय. वयाची अट नाही. मॅट्रिक पाहिजे, ‘किंवा समितीला समाधानकारक वाटेल असा कामाचा अनुभव.’ आईची सगळी आशा त्या ‘किंवा’वर होती. अनुभव दाखवायचा तो असा: सलग चाळीस बाळंतपणांची नोंद आणि प्रत्येक नोंदीपुढे साक्षीदाराची सही. सगळं मार्चअखेर तिकडे पोचलं पाहिजे.

त्या दिवसांत आमचं घर कसं होतं, ते सांगणं अवघड आहे. दोन खोल्या होत्या, पण दोन्हीकडे सण असल्यासारखं वाटायचं. मी वर्गात नकाशा उघडला की आधी स्कॉटलंडवर बोट ठेवायची. बाबा ड्यूटीवरून आले की चूल पेटवून बसायचे आणि भाकरी थापायला शिकायचे.

“ही बघ, सिस्टरबाय,” ते तव्यावरचा आकार दाखवत म्हणायचे. चिडवायचं असलं की तेही तिला सिस्टरबाय म्हणत. “हा तुझा इंग्लंडचा नकाशा.”

“स्कॉटलंड,” मी म्हणायची.

“त्यो वरचा करपलेला भाग ना, तो स्कॉटलंड.”

आई हसून त्यांच्या हातातलं पीठ काढून घ्यायची. “अवो, तुमी हिला उपाशी मारणार चार वर्सं.”

“उपाशी कशाला? मी थापीन, ती भूगोल शिकंल.”

अडलं ते सहीपाशी. उपकेंद्राच्या वरच्या आरोग्य केंद्रावर तीन वर्षांत चार डॉक्टर बदलून गेले होते. आता जे होते, ते सरळ माणूस होते. ते म्हणाले, “सिस्टर, तुमचं काम मला माहीत आहे. पण ही बाळंतपणं वाड्यांवर, झोपड्यांत झाली. मी एकही पाहिलेलं नाही. साक्षीदार म्हणून सही कशी करू?”

आईनं ते घरी येऊन सांगितलं. तिला त्यांचा राग आला नव्हता. तेच मला नवल वाटलं. ती भाजी निवडायला बसली.

“खरं हाय त्यांचं,” ती म्हणाली. “ज्यांनी पाह्यलं, त्यांनीच साक्ष द्यायची. मंग बायकांनीच द्यायला पायजे. त्यांच्यापेक्षा जवळून कुणी पाह्यलंय?”

“अगं, पण त्यांना सही कुठं येते?” बाबा म्हणाले.

“अंगठा येतो की.”

बाबांनी स्टेशनातल्या बाबूंकडून जुनं स्टॅम्पपॅड मागून आणलं आणि जांभळ्या शाईची बाटली. मी शाळेची वही आडवी धरून चाळीस नोंदी इंग्रजीत उतरवायला घेतल्या. आई तिच्या वहीतून शेवटापासून मागे जात मराठीत सांगायची, मी डिक्शनरीत शोधून लिहायची. तारीख, गाव, कितवं मूल, किती वेळ लागला, मुलाचं वजन. वजनाचा काटा आई पिशवीतून पाठीवर वाहून न्यायची. चौतिसाव्या नोंदीशी ती थांबली.

“सुंदरा,” ती म्हणाली.

सुंदराचं मला माहीत होतं. मूल झालं, पण नाळेमागची वार पडली नाही आणि रक्त थांबेना. बैलगाडीतून कर्जतला आणताना नदीच्या अलीकडेच ती गेली.

बाबा हळूच म्हणाले, “एक मागली घे की. चाळिसाला चाळीस भरतील. इतक्या लांब कुणाला कळतंय?”

“तिला गाळायची तर मी जाऊ कशाला?” आई म्हणाली. “लिही, जना.”

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं. ‘अडकलेली वार हाताने काढण्याचं शिक्षण मला नव्हतं.’

“असं लिहिलं तर घेतील का तुला?” मी विचारलं.

“ते शिकायलाच तर चाललेय.”

निरोप एसटीच्या कंडक्टरपासून दुधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी गेला. पोरांना डोस द्यायच्या दिवशी ज्यांची बाळंतपणं सिस्टरबायनी केली त्यांनी यायचं, अंगठा द्यायचा आहे, पण जमिनीच्या कागदावर नाही, घाबरू नका. मी शाळा बुडवून आईबरोबर गेले. आम्ही उतरलो तेव्हा उपकेंद्राच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं रडत होती, बायका हसत होत्या. एकीनं तांदळाचे लाडू आणले होते. सोनुबाई सगळ्यांत पुढे बसली होती. आईच्या हातून तिची तीन झाली होती आणि त्यातली दोन त्या चाळिसांत येत होती.

“माझे दोन अंगठे!” ती ओरडली. “उजवा नि डावा दोनी घे, सिस्टरबाय.”

“उजवाच, पण दोनदा.”

“आनि काय गं, तिकडच्या बायका बसून बाळंत व्हत्यात का निजून?”

“जाऊन बघते नि कळवते.”

“त्यांना म्हनावं, कळंबची सोनुबाई भात लावून आली नि बाळंत झाली. लिवलंस का तसं?”

“लिवलंय,” आई म्हणाली. तसं खरंच लिहिलं होतं. ते इंग्रजीत करताना माझी अर्धी संध्याकाळ गेली होती.

मी नाव वाचायची, ती बाई पुढे यायची. मळणी नुकतीच संपली होती. हात इतके खरबरीत होते की पहिल्या दोघींचे नुसते डागच उठले. मग आईनं गरम पाण्याची वाटी आणि खोबरेल तेल मागवलं. प्रत्येकीचा अंगठा ती स्वतः धुवायची, तेलाचं बोट लावून कोरडा पुसायची आणि पॅडवर ठेवायची.

“दाबू नको गं. नुसता टेकव नि उचल. रेषा आपोआप येतात.”

वाडीवरून आलेल्या बुधीनं अंगठा पुढे करून मागे घेतला. “माजं नाव इलायतंला जानार?”

“जाणार तर. विमानातनं.”

“आन् माजी पोर?”

“तिचं वजन पण जाणार. पावणेसहा पौंड.”

बुधीनं मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. त्या पोरीत काहीतरी आहे हे तिला आत्ताच कळलं असावं, असं तिचं तोंड झालं. अंगठा दिलेल्या बायका लुगड्याला, पोरांच्या टोपड्यांना शाई लागू नये म्हणून जांभळे अंगठे वर धरून ओट्यावर बसून राहिल्या. सगळ्यांना पुसायला एकच फडकं होतं आणि ते फिरत फिरत यायचं.

चारच्या एसटीची वेळ झाली तेव्हा एकोणचाळीस अंगठे झाले होते. चौतिसाव्या ओळीपुढची जागा मोकळी होती. आई पॅड बंद करायला लागली आणि ओट्यावरचा गलका एकाएकी कमी झाला. अंबूबाई आली होती. सुंदराची सासू. कडेवर दीड वर्षाची नात. सुंदरा गेल्यापासून ती उपकेंद्राची पायरी चढली नव्हती. नातीचे डोससुद्धा तिनं दुसऱ्या बाईबरोबर पाठवले होते.

ती बसली नाही. उभ्यानेच तिनं मला विचारलं, “माज्या सुनंच्या नावापुढं काय लिवलंय?”

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “वाच. मराठीत सांग.”

मी सांगितलं. मुलगी जिवंत. वार अडकली. रक्त गेलं. वाटेत मृत्यू. शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. ते आईनं सांगितलं.

अंबूबाईनं नात सोनुबाईच्या मांडीवर दिली आणि खाली बसली. “मी गाडीत व्हते,” ती म्हणाली. “मी पाह्यलं. तुजं लुगडं फाडून फाडून संपलं. माजं मागितलंस.” तिनं अंगठा पुढे केला. “घे.”

आईनं तो धुतला. पुसला. शाई लावली. या खेपेला तिनं काही सूचना दिली नाही. अंगठा स्वच्छ उठला.

“शिकून ये,” अंबूबाई म्हणाली. “लौकर ये.”

रजिस्टर करून ते पाकीट कर्जतच्या पोस्टातून गेलं तेव्हा आम्ही तिघंही खिडकीशी उभे होतो. त्यानंतरचे तीन महिने आईला रस्त्यानं सरळ चालू दिलं नाही लोकांनी. शेतातून हाक यायची, “सिस्टरबाय, इलायतेचं काय झालं गं?” ती हात हलवून सांगायची, अजून नाय. चालण्यात तिच्या काहीतरी आलं होतं. पिशवी तीच होती, पण ती हलकी झाली असावी असं वाटायचं.

पत्र मे महिन्यात आलं. सोबत वही परत आली होती. मी उभ्यानेच वाचायला लागले. समितीला अनुभव अत्यंत समाधानकारक वाटला होता. ते ऐकल्याबरोबर बाबांनी टाळी वाजवली. मग ‘परंतु’ आला. साक्षीदार हे नोंदणी झालेले डॉक्टर असणं आवश्यक आहे. अंगठ्यांचे ठसे ग्राह्य धरता येत नाहीत. अर्जदारानं पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सह्या असलेल्या नव्या चाळीस नोंदी पाठवल्यास समिती आनंदाने विचार करील.

“म्हणजे मिळालंच की!” मी म्हणाले. “एक वर्ष थांबायचं फक्त.”

महिन्याभरात केंद्रावर नवे डॉक्टर आले. तरुण होते, हौशी. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, “सिस्टर, मी प्रत्येक वेळी तुमच्याबरोबर येईन. चाळीस काय, पन्नास सह्या घ्या.”

आईनं त्यांना येऊ दिलं. वर्षभर ते तिच्याबरोबर वाड्या चढले. अडकलेली वार हातानं कशी काढायची, ते ती त्यांच्याकडून शिकली. पुढे त्या हातानं किती बायका वाचल्या, ते तिनं मोजलं नाही. पण सह्या तिनं घेतल्या नाहीत. मार्च आला आणि गेला. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी भांडलेच.

ती भांडी विसळत होती. “जना,” ती म्हणाली, “अंबूबाय येवढी चालत आली. तिचं खोटं, नि सायबाचं खरं, असं माझ्या हातानं कसं लिहून देऊ?”

“पण तुला जायचं होतं ना?”

“व्हय,” ती म्हणाली. “लई जायचं होतं.” आणि भांडं पालथं घातलं.

मी पुढे पुष्कळ शिकले, पुष्कळ वाचलं. तिनं केलं ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं आठवतं, की त्यानंतर कुणी रस्त्यात विचारलं, तर ती म्हणायची, “बोलावलं त्यांनी मला, पण तुमाला घेऊन यायचं नाय म्हणाले.” बायका हसायच्या. तीही हसायची.

गेल्या वर्षी तिच्या डोक्यात गाठ निघाली. उजव्या हातातला जोर आधीच गेला होता. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशनच्या आदल्या दुपारी एक कोवळी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. आईनं पेन धरून पाहिलं. ते दोनदा घरंगळलं.

“राहू द्या मावशी, अंगठा द्या,” ती नर्स म्हणाली आणि आईचा अंगठा पॅडवर घट्ट दाबायला लागली.

“दाबू नको गं,” आई म्हणाली. “नुसता टेकव नि उचल.”

पोरगी ओशाळून हसली. अंगठा टेकवला, उचलला. आईनं चष्मा मागितला आणि कागद जवळ धरून पाहिला.

“रेषा चांगल्या आल्या,” ती म्हणाली.

खाली साक्षीदाराची ओळ होती. तिथं मी सही केली. नर्स कागद घेऊन गेली. पुसायला काही देण्याचं तिला सुचलं नाही. मी फडकं शोधायला उठले. वळून पाहिलं, तर पांढऱ्या चादरीला शाई लागू नये म्हणून आई डाव्या हातानं उजव्या हाताला आधार देऊन अंगठा वर धरून पडली होती.