उस्तादाचा हात

"वायर काढ," खाजा मिस्तरी म्हणाले.

रामलिंगनं बॉनेटखाली वाकून इंजिनाची उष्णता मोजणाऱ्या सेन्सरवरची वायर उपसली.

"काटा?"

"पडला की खाली!" गाडीत बसलेले चंद्रप्पा ओरडले.

"आता वायर बॉडीला टेकव."

"चढला! पार लाल पट्टीत गेला, मिस्तरी."

"म्हणजे मीटर चांगलं, वायर बी चांगली," मिस्तरी म्हणाले. "आता दोनच गोष्टी राहिल्या. एक तर सेन्सर खोटा, न्हाई तर इंजिन खरंच तापून राहिलंय."

चंद्रप्पा गाडीतून उतरले. देगलूरला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. ही पांढरी छोटी कार त्यांनी सत्त्याण्णव साली घेतली होती आणि अजून तिला लेकीसारखं वागवत होते. उद्या सकाळी सहाला बायकोला, उमाबाईंना, घेऊन ते नांदेडला निघणार होते. तिथं उमाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

"सेन्सर तर नवाच हाय," रामलिंग म्हणाला. "मागच्या आठवड्यात मीच बदललाय. मिस्तरी, मला पाण्याच्या पंपाचा शक येतोय. पाणी रोज बोटभर कमी होतंय. सील गेलं असंल."

"तुला गेल्या आठवड्यात सेन्सरचा शक होता. आता पंपाचा. उद्या चंद्रप्पांचाच शक घेशील."

चंद्रप्पा हसले. रामलिंगही हसला. चौदाव्या वर्षी तो खाजा मिस्तरींच्या हाताखाली आला, तेव्हापासून असली बोलणी खात आला होता. आता बेचाळीसचा झाला होता. पाच वर्षांपूर्वी उदगीर रोडवर मिस्तरींच्याच शेजारी त्यानं स्वतःचं शेड टाकलं होतं. बोर्डावर त्याचं नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, "उस्ताद खाजा मिस्तरी यांच्या आशीर्वादाने."

"त्यापेक्षा तुम्हीच हात ठेवा," चंद्रप्पा म्हणाले. "काट्याबिट्यावर माझा भरवसा न्हाई. तुमच्या हातावर हाय."

सगळ्या गावाचाच होता. रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपावर मिस्तरी तळहात टेकवायचे आणि मनात आकडे मोजायचे. पाचपर्यंत हात टिकला तर इंजिन ठीक. तीनलाच मागे आला तर तापलंय. चाळीस वर्षांत हा हिशेब चुकला नव्हता. आणि शेडातली एक रीत होती. उस्तादानं हात ठेवल्यावर शागिर्दानं ठेवायचा नाही. ठेवला तर तो उस्तादाचा अपमान. ही रीत मिस्तरींना त्यांच्या उस्तादाकडून आली होती, रामलिंगला मिस्तरींकडून.

मिस्तरींनी तळहात टेकवला. मोठ्यानं मोजू लागले. पाच झाले. सहा झाले. शेजारच्या चहाच्या टपरीवरची दोन माणसं बघायला उठून आली. मिस्तरींनी दहापर्यंत मोजलं आणि हात फडक्याला पुसला.

"गार हाय. सेन्सर खोटा निघाला. काट्याकडं बघूच नका, बिनघोर जावा."

"दहा?" रामलिंग हळूच म्हणाला. त्याचा हात पाइपाकडे निघाला होता.

"का? माझ्या हातावर शक हाय का?"

रामलिंगनं हात मागे घेतला. "न्हाई, मिस्तरी."

खरं तर दोन वर्षांपासून मिस्तरींच्या बोटांना काही लागत नव्हतं. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही थांबल्या. शुगरनं नसा मेल्यात, असं नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. स्क्रू हातात आहे की निसटला, हे मिस्तरी बघून ओळखायचे. पण तळहाताला थोडंफार कळतं, असं ते स्वतःला समजावत आले होते. दुसऱ्या कुणाला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना त्यांची बायको चांदबी भाकरी वाढायला वाकली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"अजी, ये क्या हुआ हात को?"

तळहातावर रुपयाएवढे दोन फोड आले होते. एक फुटला होता आणि त्याच्यावर लिंबाच्या लोणच्याचा खार लागला होता. मिस्तरींना काहीच झोंबलं नव्हतं.

ते फोडांकडे बघत राहिले. पाइप गार नव्हता. काटा खरं सांगत होता. रामलिंगही खरं सांगत होता.

चांदबीला त्यांनी तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "तो फोन करो ना. बोल दो उनकू, गाडी मत निकालो. अभी सात बजे हैं."

फोन खिडकीत होता. फोन लावला की चंद्रप्पा विचारणार, मघाशी गार म्हणालात, आता तापलं कसं कळलं? मग हाताचं सांगावं लागणार. उद्या टपरीवर, परवा साऱ्या देगलुरात. खाजाचा हात मेला.

"सकाळी जाऊन सांगतो," ते म्हणाले. "वक्त हाय."

सकाळी फजरची नमाज पढून ते निघाले तेव्हा पावणेसहा वाजले होते. चंद्रप्पांचं घर दहा मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. घर अजून शंभर पावलांवर होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ते विजेच्या खांबाला टेकून उभे राहिले. गाडी पलीकडच्या तोंडानं निघून गेली. मग ते घरापर्यंत गेले, कुलूप बघितलं आणि परत आले.

"निकल गये थे," असं त्यांनी चांदबीला सांगितलं. तिनं त्यांच्या तळहाताला फडकं बांधलं.

नायगावच्या अलीकडे काटा लाल पट्टीत गेला. चंद्रप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं काटा आपोआप खाली आला. "बघ," ते उमाबाईंना म्हणाले, "मिस्तरी बोलले तेच खरं. काटा खुळा हाय." पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उतरतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चार किलोमीटरवर इंजिन जाम झालं. उमाबाई दोन तास उन्हात बाभळीखाली बसून राहिल्या. त्या दिवशीचं ऑपरेशन हुकलं. पुढची तारीख सव्वा महिन्यानं मिळाली.

दोन दिवसांनी टेम्पोमागे बांधून गाडी उदगीर रोडला आली. इंजिनाचं हेड वाकलं होतं, पिस्टन चिकटले होते. भंगारवाल्याशिवाय तिला आता कुणी विचारणार नव्हतं. चंद्रप्पांनी एकदा टपावरून हात फिरवला आणि ते रामलिंगवर तुटून पडले.

"डुप्लिकेट माल बसवतोस! इंजिन जळत व्हतं तवा तुझा काटा खाली पडला! म्हाताऱ्या बाईला रस्त्यात मारायला निघाला व्हतास का?"

टपरीवरचे लोक जमले. कुणीतरी म्हणालं, "खाजाचाचांनी तर सांगितलंच व्हतं, सेन्सर खोटा हाय म्हणून."

"त्यांचा हात कधी चुकलाय का?" चंद्रप्पा म्हणाले. "सांगा की मिस्तरी, याला."

मिस्तरींच्या हाताला पांढरं फडकं बांधलेलं होतं. रामलिंगनं त्याच्याकडे बघितलं.

"हाताला काय झालं, मिस्तरी?"

"चहाचं पातेलं लागलं," मिस्तरी म्हणाले.

रामलिंगची नजर फडक्यावरून मिस्तरींच्या तोंडाकडे गेली. जमलेली सगळी माणसं त्याच्या बोलण्याची वाट बघत उभी होती. मिस्तरींना वाटलं, आता हा सांगणार. आणि त्यांनी कुणालाही कळणार नाही एवढीशीच मान खाली घातली.

"व्हय," रामलिंग म्हणाला. "सेन्सर माझाच खराब निघाला."

देगलूर मोठं गाव नाही. पोस्टमास्तराचा शब्द घरोघर पोचायला आठवडा पुरला. रामलिंगच्या शेडात गाड्या यायच्या कमी झाल्या. आल्या त्या आधी मिस्तरींकडे थांबायच्या आणि विचारायच्या, "याच्याकडं द्यावी का?" मिस्तरी म्हणायचे, "द्या की, चांगला कारागीर हाय." यापुढचं वाक्य त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. दिवाळीच्या आत रामलिंगनं शेड सोडलं. लातूरला एका वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली होती.

निघण्याच्या दिवशी तो पाया पडायला आला. मिस्तरी म्हणाले, "रामलिंग, बस. एक सांगायचं हाय."

"नका सांगू, मिस्तरी."

"अरे, पण..."

"तुम्ही दहापर्यंत मोजलं तवाच मला कळलं व्हतं. पाइपाची धग माझ्या हाताला लांबूनच लागत व्हती. मी हात लावायला पायजे व्हता." तो थांबला. "रीत म्हणून लावला न्हाई. ती माझी चूक. बाकीची तुमची तुम्हाला ठाव."

खांद्यावरची पिशवी नीट करून तो बस स्टँडकडे निघाला. मागे वळून त्यानं बघितलं नाही.

महिन्याभरानं त्या शेडात मोबाइलचं दुकान येणार म्हणून जुना बोर्ड खरवडायला पेंटर आला. रस्ता उताराचा, शिडी हलत होती.

"चाचा, जरा शिडी धरा की," तो वरून म्हणाला.

मिस्तरी उठले. दोन्ही हातांनी शिडी धरली. पेंटरनं आधी खालची ओळ खरवडली, मग वरचं नाव. निळा रंग पापुद्र्यांनी गळत होता. शिडी घट्ट धरली आहे की नाही, हे बघायला मिस्तरींना पुन्हा पुन्हा आपल्या हातांकडे बघावं लागत होतं.