धूळ मोजणाऱ्या डब्याचं झबलं

मी धूळ मोजणारा डबा बोलतोय. डबा म्हटलं की लोकांना वाटतं, आत काहीतरी खायचं असणार. नाही हो! माझ्या पोटात आहे एक पंखा आणि नको तिथे खरं बोलायची खोड. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, मी तिच्यातली धूळ मोजतो आणि दर मिनिटाला आकडा टिपून ठेवतो. हवा बरी असली की माझ्या कपाळावरचा दिवा हिरवा, वाईट असली की लाल. थोडक्यात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं हाच माझा धंदा.

आम्ही चाळीस भावंडं एकाच दिवशी जन्मलो आणि एकाच ताईंच्या हाती पडलो. या ताई संशोधन करायच्या. शहराच्या कडेला दगड कापायचे कारखाने होते, त्यांना लागून कामगारांची वस्ती, आणि वस्तीतल्या पोरांना खोकला. पोरांच्या छातीत धूळ जाते ती नेमकी कुठून, हे ताईंना शोधायचं होतं. चाळीस घरांत चाळीस डबे ठेवले. ज्या घरचा आकडा वाईट येईल, तिथल्या मुलांची छाती मोठे डॉक्टर फुकट तपासणार होते.

माझ्या वाट्याला वहिनींचं घर आलं. सगळी वस्ती त्यांना वहिनीच म्हणायची. नवरा कारखान्यात करवतीवर, आणि पाच वर्षांची एकुलती एक लेक, ठमी. ठमी चार महिने खोकत होती. औषधाच्या तीन बाटल्या संपल्या, खोकला होता तिथेच. तिची छाती एकदा नीट तपासून व्हावी, एवढ्यासाठीच वहिनींनी मला घरात घेतलं होतं.

पण वहिनींना स्वच्छतेचं भारी वेड! फरशी अशी पुसायच्या की पाल घसरून पडावी. ताई मला फळीवर ठेवून दाराबाहेर पडतात न पडतात, तोच वहिनींनी मलाही ओल्या फडक्याने घासून काढलं. नाकात पाणी गेलं. शिंकायची सोय असती तर शिंकलो असतो.

त्याच संध्याकाळी शेजारीण सुई मागायला आली आणि नेमका तेव्हाच मी लाल झालो.

"अगं बाई! तुमच्याकडे लाल?" शेजारणीने डोळे मोठे केले. "आमचा तर सकाळपासून हिरवागार आहे हो!"

ती गेल्यावर वहिनी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मेल्या, दिवसातून दोनदा फरशी पुसते मी. नाक कापलंस माझं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी झबलं शिवलं. पिवळं, गळ्याशी नाडी असलेलं, आत प्लास्टिकचं अस्तर. ते मला डोक्यावरून पायापर्यंत घातलं आणि काचेच्या कपाटात, चांगल्या कपांच्या शेजारी नेऊन ठेवलं. पाहुणे आले की कौतुकाने दाखवायच्या. ताई यायची वेळ झाली की झबलं काढून मला परत फळीवर मांडायच्या. पंधरा दिवस मी स्वतःचीच हवा हुंगत बसलो होतो. बाहेर ठमी खोकायची ते ऐकू यायचं आणि मला काही करता येत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

पंधरा दिवसांनी ताई कागद घेऊन आल्या. "वहिनी, कमाल आहे! ऑपरेशनच्या खोलीतसुद्धा एवढी स्वच्छ हवा नसते."

वहिनींचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "आता शेजारणीला ऐकवतेच जाऊन!"

"म्हणजे ठमीचा खोकला धुळीचा नाही," ताई म्हणाल्या. "तपासणीच्या यादीतून तिचं नाव काढावं लागेल."

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. आत ठमीला ढास लागली होती. मग वहिनी कपाटापाशी गेल्या, झबलं काढून आणलं आणि ताईंच्या हातात दिलं. "नाव काढू नका, ताई. चूक माझी आहे. लाल दिवा लागला, मला लाज वाटली, म्हणून याला झाकून ठेवलं."

ताईंनी झबलं उलटसुलट करून पाहिलं. आधी कपाळावर हात मारला, मग पोट धरून हसल्या. नंतर घरोघर चौकशी केली, तेव्हा कळलं की शेजारणीचा डबा पहिल्या दिवसापासून गादीखाली होता! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मुठीत पोरांची छाती होती.

मोजणी पुन्हा सुरू झाली, या वेळी उघड्या नाकाने. पंधरा दिवसांनी ताईंनी कागद पसरला. दिवसभर रेघ खाली होती आणि रोज संध्याकाळी सव्वासहाला ताडकन वर गेली होती.

"सव्वासहाला घरात काय होतं?" ताईंनी विचारलं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "तेव्हा हे घरी येतात."

नवरा तिथेच बसला होता, नुकताच कामावरून आलेला. भुवया पांढऱ्या, शर्टावर दगडाची भुकटी, आणि ठमी नेहमीसारखी त्याच्या मांडीवर, शर्टात तोंड खुपसून. कागदावरून त्याची नजर शर्टावरच्या भुकटीवर गेली. "म्हणजे पोरीला खोकला मी घरी आणतो?"

"तुम्ही नाही हो, तुमच्या कपड्यांवरची भुकटी आणते," ताई म्हणाल्या. पण त्याने ठमीला मांडीवरून अलगद खाली उतरवलं होतं. ती पुन्हा चढायला लागली. त्याने हात मागे घेतले. मी डबा आहे, तरी मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. बाबांनी आधी मोरीत जायचं, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे, आंघोळ करायची, मग लेक. ठमीला हे मुळीच पटलं नाही. मोरीच्या दारावर थापा मारत ती ओरडायची, "झालं का? कान धुतले का? मग एवढा वेळ काय करताय?" डॉक्टरांनी तिची छाती तपासली, वेळेत आणलंत म्हणाले. चाळीस घरांचे कागद पाहून कारखान्याला धूळ उडू नये म्हणून करवतीवर पाण्याची धार सोडावी लागली आणि कामगारांसाठी न्हाणीघर बांधावं लागलं. खोकला एका दिवसात गेला नाही, पण महिन्याभराने ठमी मध्ये न खोकता दमेपर्यंत ओरडायला लागली आणि वहिनी त्यावरही खूष होत्या.

आता मी ताईंच्या कचेरीत कपाटावर बसलोय. पंखा कुरकुरतो. अंगावर बोटभर धूळ साचली आहे, आणि ती मोजायला कोणी नाही! झबलं मात्र अंगात आहे. मी त्यांच्या घरून निघताना ठमीनेच हट्ट केला, "त्याला थंडी वाजेल." वहिनींनी मला ते घातलं, मग थबकल्या, कात्री आणली आणि बरोबर नाकापाशी एक भोक पाडलं.

माझा एखादा भाऊ तुमच्या फळीवर येऊन लाल झाला, तर खुशाल शिव्या द्या त्याला. हौस असेल तर झबलंही शिवा. फक्त नाकापाशी कात्री चालवायला विसरू नका.